रेटिनाच्या चिपवर इलेक्ट्रोड वाढवत नेण्यात अर्थ आहे का?

चिपकर:
रेटिना इम्प्लांटची (अंधांना थोडं दिसावं म्हणून डोळ्यात बसवलेल्या, पेशींना विजेने चेतवणाऱ्या चिपची) बातमी आली की पहिला आकडा इलेक्ट्रोडचा असतो, आणि डिझाइनवालेही त्याच्याच मागे लागतात. हे थांबायला हवं. 'आर्गस टू' या इम्प्लांटमध्ये ६० इलेक्ट्रोड होते, 'अल्फा आयएमएस' या दुसऱ्यात १५०० पिक्सेल (प्रत्येकात एक इलेक्ट्रोड). सर्वोत्तम रुग्णाची दृष्टी मात्र आर्गसमध्ये २०/१२६०, तर अल्फात २०/५४६ एवढीच (निरोगी डोळ्याची २०/२०; खालचा आकडा जितका मोठा तितकं अंधुक).

शिवाय संख्या वाढली की इलेक्ट्रोड लहान होतात, आणि इलेक्ट्रोडच्या प्लॅटिनमला झेपणारा चार्ज प्रति चौरस सेंटीमीटर साधारण ०.३५ मिलिकूलोम. २०० मायक्रॉन व्यासाच्या चकतीला ११० नॅनोकूलोम मिळतात, २० मायक्रॉनला फक्त १.१. एक मिलिसेकंदाच्या पल्ससाठी जेमतेम १ मायक्रोअँपिअर! एवढ्यात पेशी जागी होईलच याची खात्री कोण देणार?

अर्धवाहक:
साफ असहमत. इलेक्ट्रोडची संख्या क्षेत्रफळाने वाढते, दृष्टीची तीक्ष्णता मात्र दोन इलेक्ट्रोडमधल्या अंतरावर, म्हणजे लांबीवर ठरते. ६० चे १५०० म्हणजे २५ पट, त्याचं वर्गमूळ ५, तेव्हा तुमची तुलनाच चुकते. प्लॅटिनमचा हट्टही कशाला? स्पटर केलेल्या (निर्वातात पातळ थर म्हणून बसवलेल्या) इरिडियम ऑक्साइडला त्याच जागेत कितीतरी जास्त चार्ज झेपतो.

चिपकर:
वर्गमूळ मान्य. मग अंतरच बघा: आर्गसमध्ये इलेक्ट्रोड ५७५ मायक्रॉनवर, अल्फात ७०. आठपट जवळ, फायदा सव्वादोनपट. उरलेलं गेलं कुठे? रिटर्न इलेक्ट्रोड (करंट परत नेणारा) लांब, त्यामुळे करंट शेजारच्या पिक्सेलच्या हद्दीत पसरतो आणि ठिपके एकमेकांत मिसळतात.

अर्धवाहक:
म्हणजे दोष संख्येचा नाही, रिटर्नच्या जागेचा. 'प्रिमा' या नव्या इम्प्लांटमध्ये तेच सुधारलंय: २ मिमी बाजूची, ३० मायक्रॉन जाडीची चिप, ३७८ पिक्सेल, प्रत्येकाभोवती स्वतःचा रिटर्न. वायर नाही, चष्म्यातला ८८० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड प्रकाशच सिग्नल आणि वीज दोन्ही पुरवतो.

चिपकर:
३७८! माझाच मुद्दा झाला की. आणि प्रिमा मॅक्युला (रेटिनाचा मधला भाग) झिजलेल्या वृद्धांसाठी आहे, आर्गस-अल्फा रेटिनायटिस पिगमेंटोसा या आनुवंशिक आजारासाठी. थेट तुलना दोघांनीही टाळलेली बरी.

खरी अडचण चार्ज बॅलन्सची: प्रत्येक पल्सच्या पहिल्या फेजमध्ये दिलेला चार्ज उलट दिशेच्या दुसऱ्या फेजमध्ये तेवढाच परत घ्यावा लागतो, नाहीतर इलेक्ट्रोड आणि पेशी खराब होतात. १०० मायक्रोअँपिअर, १ मिलिसेकंद, दोन्ही फेजमध्ये १ टक्का फरक: दर पल्सला १ नॅनोकूलोम शिल्लक. ६० हर्ट्झला सरासरी ६० नॅनोअँपिअर डीसी (एकाच दिशेचा करंट). बरेच डिझायनर १०० नॅनोअँपिअरची मर्यादा धरतात, म्हणजे निम्म्याहून जास्त इथेच संपली. मोजक्या चॅनेलना (इलेक्ट्रोडच्या स्वतंत्र वाटांना) हा डीसी अडवणारे ब्लॉकिंग कपॅसिटर लावता येतात. १५०० कपॅसिटर डोळ्यात कुठे बसवणार?

अर्धवाहक:
कपॅसिटर नकोतच. पल्स संपली की इलेक्ट्रोड रिटर्नला शॉर्ट करायचा, मग उरलेलं व्होल्टेज मोजायचं. ५० मिलिव्होल्टच्या वर असेल तर पुढच्या पल्सची रुंदी दुरुस्त करायची. प्रिमात पिक्सेलमधला शंट रेझिस्टर (इलेक्ट्रोड आणि रिटर्न जोडणारा रोध) हे डिस्चार्जचं काम करतो. पण पल्सच्या मध्ये पुरेसा वेळ मिळायला हवा. रिफ्रेश रेट (दर सेकंदाच्या पल्सची संख्या) उगाच चढवला की शॉर्टिंग अपुरं राहतं, तिथे बरेच जण फसतात.

ओलावा_शत्रू:
दोघंही पाणी विसरलात. प्रत्येक चॅनेलची वायर चिप ठेवलेल्या सिरॅमिकच्या डबीतून बाहेर काढली तर हजार फीडथ्रू (वायर बाहेर काढायच्या सीलबंद वाटा), म्हणजे ओल शिरायच्या हजार जागा. वायर वाचवायला डीमक्स (एका वायरवरचे सिग्नल अनेक इलेक्ट्रोडना वाटणारं सर्किट) इलेक्ट्रोडशेजारी नेलात तर उघड्या चिपवर फक्त पातळ थर उरतो. त्यातलं एक सूक्ष्म भोकही पुरतं: आत ओल, वर व्होल्टेज, आणि ॲल्युमिनियमचा ट्रॅक खाल्ला जातो.

चाचणी मिठाच्या पाण्यात ८७ अंशांवर घ्या. दर १० अंशांना वेग दुप्पट धरला तर ३७ अंशांवरचं एक वर्ष सुमारे ११ दिवसांत भरतं. पण चिपला बायस (चालू असतानाचं व्होल्टेज) देऊनच बुडवा. बायसशिवाय पास झालेली चिप डोळ्यात टिकेल याचा काहीच भरवसा नाही. ज्याची चिप या चाचणीत टिकेल, त्याने खुशाल चॅनेल वाढवावेत.