प्रति: एक्सएमएल बदलूनही रंग तसेच? आधी पॅनलचं नाव बघा

अँड्रॉइड फोनच्या स्क्रीनचे रंग सुधारायचे तर व्हेंडरच्या ईटीसी फोल्डरमधली (/vendor/etc) क्यूडीसीएमची, म्हणजे क्वालकॉमच्या डिस्प्ले-रंग व्यवस्थेची, एक्सएमएल सेटिंग फाइल बदलली, रीबूट मारलं की झालं, असं वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय. अर्धं बरोबर आहे. क्वालकॉमची चिप असलेल्या फोनमध्ये ती फाइल पॅनलच्या (फोनमध्ये बसवलेल्या डिस्प्लेच्या) नावावरून शोधली जाते, म्हणजे फाइलच्या नावातच पॅनलचं नाव असतं (स्पेसच्या जागी अंडरस्कोर), आणि एकाच मॉडेलमध्ये दोन-दोन कंपन्यांचे पॅनल सर्रास असतात. मी अख्खा रविवार आकडे बदलत बसलो, स्क्रीनचा निळसरपणा काही हलेना, मित्राच्या सेम फोनवर मात्र तीच फाइल पहिल्या झटक्यात चालली! शेवटी बूटचा लॉग (फोन सुरू होतानाच्या नोंदी) काढला तेव्हा कळलं, माझा पॅनल दुसऱ्याच कंपनीचा, त्याची फाइल शेजारीच पडलेली आणि मी भलतीच खरवडत होतो. फाइल टाकल्यावर परमिशन ६४४ (मालकाला वाचता-लिहिता, बाकीच्यांना नुसतं वाचता येईल अशी) करायला विसरू नका, नाहीतर ती वाचलीच जात नाही आणि एररपण समोर दिसत नाही.

आणि दुसऱ्याची फाइल जशीच्या तशी उचलू नका हो, त्यातलं रंगांच्या आकड्यांचं टेबल त्याच्या पॅनलवर मोजलेलं असतं, आपल्या पॅनलवर पांढरा रंग गुलाबी दिसला तर नवल नाही. मूळ फाइलची कॉपी आधी बाजूला ठेवा.