हायब्रिड सायकलचा व्ही-ब्रेक काढून कॅलिपर?
हायब्रिड सायकलला ड्रॉप बार (रेसिंग सायकलसारखं खाली वळलेलं हँडल) टाकतोय म्हणून व्ही-ब्रेक (रिमच्या दोन्ही बाजूंना लांब हात असलेला) काढून कॅलिपर (रोड म्हणजे रेसिंग सायकलचा, टायरवरून कमानीसारखा बसणारा ब्रेक) लावू का असं विचारलंयत, तर आधी टायर बघा, ३५ मिमी रुंदीचा असेल तर साधा रोडवाला कॅलिपर त्यावरून बसणारच नाही, तो २५-२८ पर्यंतच बरा. खरी गोची लिव्हरची आहे, कारण ड्रॉप बारवर रोडच्या लिव्हर येतात. व्ही-ब्रेकला केबल जास्त खेचावी लागते आणि रोडच्या लिव्हर तेवढी खेचत नाहीत, मग लिव्हर पार हँडलला टेकते तरी ब्रेक धड लागत नाही. त्यापेक्षा मिनी-व्ही (व्ही-ब्रेकचाच छोटा प्रकार) बघा, त्याचे हात आखूड (८०-९० मिमी) त्यामुळे कमी केबल खेचूनही जमतं, फक्त टायरला जागा कमी उरते, मडगार्ड विसराच. कँटिलिव्हर (दोन्ही हात मधल्या केबलने वर खेचणारा जुना प्रकार) पण चालेल पण सेट करताना डोकं उठतं, मी तरी नाही सुचवणार. आणि पावसात सिंहगड उतरणार असाल तर यातला कुठलाही रिम ब्रेक (रिमवर दाबणारा) असो, लिव्हर जरा आधीच दाबा, आधी रिमवरचं पाणी पुसलं जातं मग पकड येते.