उत्तर: गांडूळ मेलं नाही म्हणजे झालं का?

एका रसायनाबद्दल असा दावा वाचला की त्याच्या १४ दिवसांच्या चाचणीत एकही गांडूळ दगावलं नाही, तेव्हा ते मातीला निर्धोक. ही उडी जरा लांबची आहे. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने रसायनांच्या चाचण्यांच्या पद्धती ठरवून दिल्यात; त्यातली ती २०७ नंबरची चाचणी १९८४ची, आणि ती मुख्यतः जगणं-मरणं बघते. गांडूळ ठणठणीत दिसतं, पण अंड्यांचे कोष (ककून) घालणं बंद करतं, आणि हे तिथे कळतच नाही. त्यासाठी २२२ नंबरची आहे, ५६ दिवसांची. २८व्या दिवशी मोठी गांडुळं काढून घ्यायची, माती तशीच ठेवायची आणि शेवटी पिल्लं मोजायची. मी हे काम केलंय. डबा गरम पाण्यात ठेवला की वीसेक मिनिटांत दोऱ्यासारखी पिल्लं वर यायला लागतात. एका रसायनाच्या वेळी मोठी सगळी जिवंत होती, पण वर येणारं जवळजवळ काहीच नव्हतं. तासभर डब्यात डोकं घालून बसलो होतो, शेवटी माती हाताने चाळली.

दुसरं म्हणजे, चाचणीतला आयसेनिया फेटिडा हा गांडुळाचा प्रकार आपल्या गांडूळखताच्या बेडमधलाच, शेणात रमणारा. शेताच्या मातीत राहणारा नव्हे. शिवाय २०७मधली कृत्रिम माती म्हणजे ७० टक्के वाळू, २० टक्के केओलिन (पांढरी चिकणमाती) आणि १० टक्के पीट (दलदलीतला अर्धवट कुजलेला पालापाचोळा). इतका सेंद्रिय भाग आपल्या काळ्या रानात कुठला? तेलकट, पाण्यात न विरघळणारी रसायनं त्या पीटलाच चिकटून बसतात आणि गांडुळापर्यंत कमी पोचतात. म्हणूनच हाती फक्त मृत्यूचा आकडा, म्हणजे अर्धी गांडुळं मरतात ते मातीतलं प्रमाण असेल, तर युरोपात औद्योगिक रसायनांसाठी तो थेट १०००ने भागून सुरक्षित पातळी धरतात.