'प्लेनस्केप: टॉरमेंट' आज खेळायला घ्यावा का?

कासवगती:

नमस्कार. ब्लॅक आयल स्टुडिओजचा १९९९ सालचा 'प्लेनस्केप: टॉरमेंट' हा आरपीजी (म्हणजे एका पात्राची भूमिका घेऊन खेळायचा संगणकावरचा गेम) मी आजवर दोनदा सुरू केला आणि दोन्ही वेळा हाइव्ह या गलिच्छ वस्तीतच सोडून दिला. शवागारातल्या ओट्यावर नायकाला जाग येते, त्याला स्वतःचे नावही आठवत नसते, मॉर्ट नावाची हवेत तरंगणारी कवटी त्याच्याशी बडबडू लागते आणि त्याच्याच पाठीवर गोंदलेला मजकूर त्याला वाचून दाखवते, इथपर्यंत मी पुरता रंगून गेलो होतो. पुढे मात्र जमेना. सवयीप्रमाणे मी सगळे गुण ताकद आणि चपळाईवर खर्च केले होते, तरीही गल्लीतले गुंड मला लोळवत होते. लढाई नसेल तेव्हा वाचायला इतका मजकूर, आणि तोही सिजिल शहराच्या खास बोलीतला, की माझ्यासारख्या मराठी माध्यमात शिकलेल्या माणसाची दमछाक होत असे. ज्यांनी हा गेम शेवटपर्यंत खेळला आहे त्यांनी कृपया सांगावे: इतक्या वर्षांनंतरही त्याला वेळ द्यावा असे त्यात काय आहे, आणि माझे नेमके कुठे चुकत होते?

जुनी_तबकडी:

चूक पहिल्याच पडद्यावर झाली आहे, आणि ती जवळजवळ प्रत्येकाची होते. सुरुवातीला नायकाची सहाही गुणवैशिष्ट्ये ९ वर असतात आणि त्यांत वाटायला २१ गुण मिळतात. त्यातले ९ विझडमला (शहाणपण), ७ इंटेलिजन्सला (बुद्धी) आणि ५ करिश्माला (छाप पाडण्याची शक्ती) द्या, म्हणजे ते अनुक्रमे १८, १६ आणि १४ होतील. ताकद ९ वरच राहू द्या, कारण प्रत्येक पातळी चढताना एक गुण वाढवता येतो आणि नायक मेला तरी बहुतेक वेळा पुन्हा उठून उभा राहतो. विझडम जास्त असेल तर बोलता बोलता त्याला जुन्या आठवणी येतात, संवादात नवे पर्याय उघडतात आणि त्यातून मिळणारे अनुभवाचे गुण लढाईतून मिळणाऱ्या गुणांपेक्षा कितीतरी जास्त असतात. शेवटचा मोठा सामनासुद्धा तलवार न उपसता, केवळ बोलून निभावता येतो. माझ्या माहितीत त्या काळातल्या दुसऱ्या कोणत्याही मोठ्या आरपीजीने खेळाडूवर इतका विश्वास टाकलेला नाही.

लढाई कमकुवत आहे हे मात्र मी मोकळेपणाने मान्य करतो. 'बाल्डर्स गेट' या आरपीजीसाठी बायोवेअर कंपनीने तयार केलेले इन्फिनिटी इंजिन, म्हणजे गेम चालवणारी मूळ प्रणालीच, इथे वापरले आहे, पण तिथे डावपेचांना जी धार होती ती इथे नाही. भाषेची अडचणही खरी आहे. सिजिलची बोली लंडनच्या जुन्या चोर-उचल्यांच्या भाषेवरून घडवलेली असल्यामुळे 'बर्क', 'कटर', 'बार्मी' हे शब्द इंग्रजी उत्तम येणाऱ्यालाही प्रथम अडतात. मी एक वही केली होती. हाइव्हमधून बाहेर पडेपर्यंत तिची जेमतेम दोन पाने भरली आणि नंतर ती उघडावी लागली नाही. मूळ गेम चार सीडींवर येत असे. आता मात्र २०१७ साली बीमडॉग कंपनीने आणलेली सुधारित आवृत्तीच घ्यावी, कारण आजच्या पडद्यावर ती नीट दिसते आणि टॅबलेटवरही चालते. इतके वाचायचे असेल तर टॅबलेट हातात घेऊन बसणेच बरे पडते.

सातपुड्याचा_वाटसरू:

वरच्या उत्तरात 'कसे खेळावे' हे आले आहे, म्हणून मी 'का खेळावे' याविषयी लिहितो. माझे आजोळ नंदुरबारकडचे. दिवाळीच्या सुमारास अस्तंब्याच्या डोंगरावर यात्रा भरते आणि तिथे अश्वत्थाम्याचा वास आहे अशी श्रद्धा आहे. मरण न येणारा, अंगावर जखमा वागवत रानोमाळ भटकणारा माणूस ही कल्पना मला लहानपणापासून ओळखीची होती. त्यामुळे व्रणांनी भरलेला हा नामहीन नायक पाहताच मला तो परका वाटला नाही. अमरत्व हा वर नसून शिक्षा आहे, हे इथे कोणी भाषण करून सांगत नाही. आपल्याआधी याच देहात राहून गेलेल्या माणसांनी काय काय करून ठेवले आहे, ते आपल्याला एकेका ठिकाणी सापडत जाते.

यापुढे कथेचा थोडा उलगडा आहे, नको असल्यास पुढचे उत्तर वाचावे. सिजिलमध्ये अनुभव साठवून ठेवणारे दगड आहेत. हातात घेताच दुसऱ्याचा क्षण आपण त्याच्या आतून जगतो. त्यातला एक दगड डिओनाराचा आहे, म्हणजे नायकावर प्रेम केलेल्या आणि त्याच्यापायी जीव गमावलेल्या स्त्रीचा. सुरुवातीला आपण तिच्या आत असतो, तिची ओढ, तिची भीती, त्याच्या एका शब्दासाठी टांगणीला लागलेला तिचा जीव हे सगळे आपले असते. मग त्याच क्षणाची दुसरी बाजू, म्हणजे तेव्हाच्या नायकाचे मन, आपल्या आत झिरपू लागते. तिथे माया नावालाही नाही. कोणते वाक्य बोलले की ही बाई आपल्या उपयोगाला येईल, याचा थंड हिशेब तेवढा चाललेला असतो. तो हिशेब करणारा 'मी'च होतो, हे समजल्यावर मी गेम बंद करून बराच वेळ नुसता बसून राहिलो होतो. एवढ्या वर्षांत दुसऱ्या कोणत्याही गेमने मला असे थांबवले नाही.

वाचनवेडी:

अश्वत्थाम्याची आठवण मलाही झाली होती, परंतु ही तुलना एका जागी तुटते आणि माझ्या मते गेमचे मर्म नेमके तिथेच आहे. अश्वत्थाम्याला आपण काय केले ते पक्के ठाऊक आहे, आणि ते ठाऊक असणे हाच त्याच्या शापाचा मोठा भाग आहे. इथला नायक प्रत्येक मोठ्या मरणानंतर विसरतो. जे मला आठवत नाही त्याचा जाब मी द्यायचा की नाही, हा प्रश्न त्यातून उभा राहतो, आणि रेव्हल ही चेटकीण जेव्हा माणसाचा स्वभाव कशाने बदलू शकतो असे विचारते, तेव्हा तिचा प्रश्न निव्वळ कोडे उरत नाही. त्याचे एकच बरोबर उत्तर लेखकांनी ठरवून ठेवलेले नाही. पश्चात्ताप, प्रेम, मृत्यू, काळ, काहीही म्हणता येते. गेमचे प्रमुख लेखक ख्रिस अव्हेलोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा निर्णय मला फार धाडसाचा वाटतो.

नायकाचा सोबती डॅकॉन याच्याविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून मी लिहिते, कारण माझ्या लेखी तोच या गेमचा गाभा आहे. त्याच्याजवळ दगडी कड्यांचे एक चक्र आहे. कडी फिरवत गेले की त्याच्या पंथाची शिकवण एकेक करून उघडते. प्रत्येक शिकवणीनंतर तो आपल्याला तिचा अर्थ विचारतो आणि बराच वेळ आपण शिष्य असतो. मग हळूहळू ध्यानात येते की श्रद्धा डळमळली आहे ती त्याचीच. त्याची तलवारही मनाप्रमाणे बदलणारी, मन दुभंगले की तिची धार जाणारी. आपण त्याच्याशी पुरेसे बोललो, चक्रातल्या त्यालाही न उघडलेल्या शिकवणी त्याच्यापुढे ठेवल्या, तर ती तलवार पुन्हा तेज होते. लढाईतला फायदा आणि सोबत्याच्या मनाची अवस्था अशी एकाच वस्तूत बांधलेली मी अन्यत्र फारशी पाहिलेली नाही.

एक सावधगिरीची सूचना मात्र देते. कर्स्ट या गावानंतर गेमचा तोल जातो. संवाद विरळ होतात, सक्तीच्या लढाया वाढतात आणि आधीच्या भागातली सावकाश, भरगच्च मांडणी तिथे दिसत नाही. मला हा दोष लहान वाटत नाही, कारण सिजिलच्या गल्ल्यांत प्रत्येक दारामागे कोणीतरी सांगण्यासारखे घेऊन बसलेले असते आणि त्यानंतर ही ओसाडी फार बोचते. तेवढा पट्टा नेटाने ओलांडावा, शेवटचा किल्ला त्या श्रमांची पुरेपूर भरपाई करतो.

कासवगती:

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री विझडम १८ ठेवून पुन्हा आरंभ केला. आधी दोन्ही वेळा मी शवागारातून बाहेर पडण्याच्या घाईत ढॉल या म्हाताऱ्या लेखनिकाला टाळून गेलो होतो. या वेळी त्याच्याशी बोललो. खोकत खोकत मृतांची नोंद करणारा तो माणूस आपल्याला पाहून दचकत नाही, कारण आपण यापूर्वी कितीतरी वेळा प्रेत म्हणून त्याच्यासमोर आलेलो असतो. तो हाकाटी करून पहारेकऱ्यांना बोलवू शकला असता, तसे तो करत नाही. एक वाजेपर्यंत मी त्याच्याशीच बोलत होतो आणि शवागाराचे दार अजून उघडलेले नाही. डिओनाराचा दगड येईल तेव्हा इथे पुन्हा लिहीन.