अंबाळ्यात बुडी मारून महारोग जाते?

पऱ्हाटीवाला:
सकाळची पोस्ट वाचून डोक्शात गेलं. म्हणे, "रामटेकच्या अंबाळा तलावात आंघोळ करून अंब राजाचा महारोग गेला, मग डॉक्टर कायले पाहिजे?" अरे बावा, तसं असतं तर बाबा आमटे अंबाळ्याच्या काठीच बसले असते, वरोऱ्याचं माळरान कायले फोडलं? माझ्या मामीच्या पाठीवर सुन्न चट्टा होता. दोन वर्षं कुंड झाले, विहिरी झाल्या, अंगारा झाला. तोवर बोटं वाकडी. मग सरकारी दवाखान्यात 12 महिने गोळ्या, फुकट. रोग गेला, बोटं काही सरळ झाली नाहीत.

ऊनपाणी:
मामीचं वाईट वाटलं. पण सगळ्या पाण्याले एकाच काठीनं हाकू नका. उनकेश्वरचं पाणी गंधकाचं, ऊन. माझी खरूज तिथंच गेली. डॉक्टरही खरजेले गंधकाचंच मलम देत ना?

तूरदाळ:
उनकेश्वर नांदेडात येते. विदर्भाच्या धाग्यात मराठवाडा घुसवू नका.

ऊनपाणी:
खरजेले जिल्हा कळत नाही.

दर्यापूरकर:
कोणतं पाणी रोग बरा करते यावर भांडता लेकहो, आमच्या खारपाणपट्ट्यातलं खारं पाणी रोग करते त्याचं काय? विहिरीच्या पाण्यात तुरीचं वरण शिजत नाही, साबणाले फेस येत नाही. माझे काका आठवड्यातून दोनदा अकोल्याले डायलिसिसले जातात. नळ आला, पाणी येते दहा-बारा दिवसांनी.

तूरदाळ:
किडनीचं खापर पाण्यावरच काहून? फवारणीचं औषध काय कमी आहे? अन् आमच्या यवतमाळात फ्लोराइडनं पोरांचे दात पिवळे झाले, त्यावर कोणी बोलत नाही.

दर्यापूरकर:
लागली शर्यत, कोणाचं पाणी जास्त वाईट! तुमच्या घरचं कोणी मशीनवर झोपते का? नसन तर गप्प बसा.

माळकरी:
श्रद्धेची टवाळी पुरे. गजानन महाराजांनी आकोलीच्या कोरड्या विहिरीले पाणी आणलं, तेही खोटं का?

पऱ्हाटीवाला:
खोटं कोण म्हणते? महाराजांले तहान लागली होती, रोग नव्हता झाला. अन् तिथल्या भास्कर नावाच्या शेतकऱ्यानं आधी महाराजांले पाणी नाकारलं, ते बरं कोणी सांगत नाही.

दर्यापूरकर:
आमच्याकडंही एखादी विहीर गोड करा म्हणा.

ऊनपाणी:
बरं, महारोगाले गोळ्याच. कबूल. खरजेचं माझं मत मात्र तेच. आता खरं सांगायचं तर, तवा मलमही लावत होतो. आईनं जबरदस्ती केली होती.