मदत हवी आहे: बाबांना ट्रोडॅट स्कॅन सांगितलाय, तोच करू की पेट स्कॅन?

कृष्णाकाठ
कुणाला अनुभव असेल तर लवकर सांगा, सेंटरला उद्या संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवायचंय. बाबांचे हात थरथरतात, चाल पण मंदावलीय, पुण्याच्या न्यूरोलॉजिस्टनी ट्रोडॅट स्पेक्ट लिहून दिला. अपॉइंटमेंट मिळाली, गाडी ठरवली आणि आदल्या रात्री फोन की स्कॅनच्या इंजेक्शनचं कीट आलं नाही, पुढच्या आठवड्यात बघू. आता दुसऱ्या सेंटरवाला म्हणतो एफ-डोपा पेट करा, तो ट्रोडॅटपेक्षा भारी, पैसे जवळजवळ दुप्पट. डॉक्टर फोनवर सापडत नाहीत आणि रिसेप्शनवरची मुलगी म्हणते कुठलाही चालेल. एमआरआय झालाय, नॉर्मल आहे. मग परत स्कॅन कशाला हेच आईला पटत नाहीये, ती म्हणते उगाच किरणं कशाला डोक्यात. सांगलीहून न्यायचं म्हणजे अख्खा दिवस जातो, दोन्ही करून बघणं परवडणारं नाही. कुठला करू एवढंच सांगा.

अवंती_ठाणे
वय किती बाबांचं? एक हात की दोन्ही? कधीपासून? काहीच लिहिलं नाहीत हो. शुगर आहे का ते आधी सांगा, पेटला सहा तास उपाशी ठेवतात आणि शुगर जास्त निघाली तर परत पाठवतात, माझ्या सासऱ्यांना तसंच परत पाठवलेलं. त्यांचा स्मृतिभ्रंशासाठी होता. आदल्या दिवशी गोड अजिबात देऊ नका.

गामाकॅमेरा
अवंतीताई, तुम्ही म्हणताय तो एफडीजी पेट. त्यात ग्लुकोजच्याच जातीचा पदार्थ टोचतात म्हणून शुगरला एवढं महत्त्व. ट्रोडॅटला उपाशी राहायची गरज नसते. मी न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये टेक्नॉलॉजिस्ट आहे, रोजचं काम आहे म्हणून सांगतो.
कृष्णाकाठ, एमआरआय मेंदूची रचना दाखवतो. डॉक्टरांना शंका असणार पार्किन्सन्सची, म्हणजे कंपवाताची, आणि पार्किन्सन्समध्ये साधा एमआरआय बऱ्याचदा नॉर्मलच येतो, तो काढतात ते बारीक स्ट्रोक, गाठ, पाणी साठणं असलं काही नाही ना हे बघायला. ट्रोडॅट वेगळंच बघतो. मेंदूत डोपामिन, म्हणजे हालचाली सांभाळणारं रसायन, बनवणाऱ्या पेशींची जी टोकं असतात त्यांच्यावर डोपामिन परत आत ओढून घेणारे ट्रान्सपोर्टर असतात, औषध तिथे जाऊन चिकटतं आणि त्याला लावलेलं टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सारी द्रव्य कॅमेऱ्यात दिसतं. टोकं शाबूत असतील तर दोन्ही बाजूंना स्वल्पविरामासारखा आकार येतो, पार्किन्सन्समध्ये शेपटी आधी जाते आणि नुसता पूर्णविराम उरतो. रिपोर्टमध्ये 'पुटामेन' शब्द येईल, ती शेपटी म्हणजे तेच.
सकाळी शिरेतून इंजेक्शन, मग चारेक तास थांबायचं, मग कॅमेऱ्याखाली अर्धा-पाऊण तास डोकं स्थिर. हात थरथरले तरी चालतात, डोकं हलता कामा नये, पट्टा लावतो आम्ही. आईंना सांगा टेक्नेशियमचं अर्धायुष्य ६ तासांचं, म्हणजे दर ६ तासांनी निम्मं होतं, दुसऱ्या दिवशीपर्यंत बहुतेक गेलेलं असतं. पाणी भरपूर प्यायचं, लघवीला जाऊन यायचं आणि त्या दिवशी लहान मुलं, गरोदर बाई यांना मांडीला मांडी लावून बसू द्यायचं नाही.
आता मला सांगा औषधं कुठली चालू आहेत. सगळी.

कृष्णाकाठ
वय ६७. दोन्ही हात. पाच-सहा महिने झाले असतील. शुगर नाही. बीपीची एक गोळी आहे, बाकी काही नाही. पेट की ट्रोडॅट?

बापू_कोरेगाव
स्कॅनच्या मागे लागू नका. कंपवाताला कुहिलीच्या बिया आहेत आपल्याकडे. आमच्या चुलत्यांना कवचबीज चूर्ण दुधातून दिलं, पेला धरायला लागले स्वतःच्या हाताने. ही गोष्ट डोळ्यांनी पाहिलेली आहे. शहरातले डॉक्टर आधी मशीनखाली घालतात मग विचार करतात.

निवांत
बापूंचं औषध बाजूला ठेवा पण स्कॅन नको याला माझं अनुमोदन. पार्किन्सन्सचं निदान तपासून होतं. जेम्स पार्किन्सनने १८१७ साली हा आजार लिहिला तेव्हा कुठलं मशीन होतं? माझ्या वडिलांना डॉक्टरांनी दारातून आत येताना बघितलं, बोटं आपटायला लावली, मनगट फिरवून बघितलं, झालं. लेव्होडोपा ही पार्किन्सन्सची गोळी सुरू केली, तीन आठवड्यांत सदऱ्याची बटणं लावायला लागले. गोळी लागू पडली म्हणजे पार्किन्सन्स. एवढा खर्च कशाला?

न्यूरोवाली
निवांतकाका, नेहमीच्या केसमध्ये तुमचं अगदी बरोबर आहे, आम्ही पण सगळ्यांना ट्रोडॅट सांगत नाही. पण डॉक्टरांनी लिहिलाय म्हणजे त्यांना कुठेतरी शंका आहे, आणि मला पण येतेय. पार्किन्सन्स बहुतेक वेळा एका बाजूने सुरू होतो, मग दुसरीकडे जातो. इथे दोन्ही हात म्हणताय आणि पाच-सहा महिन्यांत चालसुद्धा मंदावली.
कृष्णाकाठ, या प्रश्नांची उत्तरं द्या मग पुढे बोलू. थरथर हात मांडीवर ठेवल्यावर असते की कप उचलताना? दोन्ही हात एकदमच सुरू झाले का? आणि 'बाकी काही नाही' हे नक्की का? पित्ताची, गॅसची, चक्करेची, झोपेची, उलटीची, कुठलीही गोळी, जी औषध म्हणून धरलीच जात नाही अशी?

प्राची_न्यूजर्सी
आमच्याकडे याला डॅटस्कॅन म्हणतात, तिथे टेक्नेशियमऐवजी आयोडीन-१२३ असतं. इथल्या एफडीएने, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी खात्याने, २०११ मध्ये मान्यता दिलीय. माझ्या सासूबाईंचा केला होता, आधी थायरॉईडला आयोडीन लागू नये म्हणून औषध दिलेलं, ते विचारून घ्या नक्की. इन्शुरन्सने खूप त्रास दिला पण.

गामाकॅमेरा
प्राचीताई, ट्रोडॅटमध्ये आयोडीन नसतं त्यामुळे थायरॉईडचं औषध लागत नाही. काम तेच, ट्रान्सपोर्टर बघायचं.

जुनाखोड
कीट आलं नाही म्हणून चिडू नका, या क्षेत्रात ही अडचण जुनी आहे. टेक्नेशियम ज्या मोलिब्डेनममधून मिळतं त्याचं अर्धायुष्य ६६ तास, साठवून ठेवताच येत नाही, टेक्नेशियम काढायचा जनरेटर सतत नवा लागतो. २००९ मध्ये कॅनडातली चॉक रिव्हरची अणुभट्टी बंद पडली तेव्हा जगभर स्कॅन रखडले होते. आपल्याकडे परळला बीएआरसीचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे आणि देशातला पहिला मेडिकल सायक्लोट्रॉन (पेटची द्रव्यं बनवणारं यंत्र) २००२ मध्ये तिथेच आला, त्याच्या आधी पेट आपल्याकडे नव्हताच. आणि १९७६ मध्ये माणसाला पहिल्यांदा एफडीजी टोचलं ते फिलाडेल्फियात, औषध बनवलं ब्रुकहेवनला आणि विमानाने पोचवलं, कारण त्यातलं फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं. आज सेंटरवाला तुम्हाला सकाळी साडेसातला बोलावतो त्यामागे हेच गणित आहे.

कृष्णाकाठ
काका माहिती छान आहे पण माझ्या प्रश्नाचं उत्तर यात नाही. उद्या संध्याकाळपर्यंत कळवायचंय.
न्यूरोवाली ताई, हात मांडीवर असताना पण थरथरतात आणि पेपर धरला की पण. दोन्ही एकदमच सुरू झाले असं आई म्हणते. आणि हो, आईला विचारलं तर म्हणाली पित्ताची कॅप्सूल आहे, सकाळी रिकाम्या पोटी, ती दीडेक वर्ष चालू आहे, जेवण वर येतं म्हणून गावातल्या डॉक्टरांनी दिलेली आणि मेडिकलमधून तीच पट्टी आणत राहिले. पट्टी अर्धी फाटलीय, मागे बारीक अक्षरात रॅबेप्राझोल २० आणि खाली लेव्होसल्पिराईड ७५ असं आहे. पित्ताच्या गोळीचा मेंदूशी काय संबंध?

न्यूरोवाली
हेच विचारत होते मी.
रॅबेप्राझोलचा संबंध नाही, ते आम्लाचं. लेव्होसल्पिराईड पोट लवकर रिकामं व्हावं म्हणून घालतात, पण ते डोपामिनचे रिसेप्टर, म्हणजे डोपामिन जिथे जाऊन काम करतं त्या जागा, अडवतं आणि मेंदूतले पण अडवतं. महिनोन्महिने घेतलं, त्यात वय साठीच्या पुढचं असलं की हुबेहूब पार्किन्सन्ससारखं दिसू शकतं: दोन्ही हात थरथरणं, चाल मंद, चेहरा ओढल्यासारखा. याला औषधाने आलेला पार्किन्सनिझम म्हणतात. ओपीडीत आम्ही पिशवीच उलटी करायला लावतो टेबलावर, कारण पित्ताची गोळी कुणी सांगतच नाही. चक्करेवरची फ्लुनारिझिन, सिनारिझिन आणि उलटीवरची मेटोक्लोप्रमाईड पण याच यादीत.
आता तुमच्या स्कॅनचं. ही गोळी रिसेप्टर अडवते, पेशींची टोकं मारत नाही. म्हणून नुसतं गोळीमुळे झालं असेल तर ट्रोडॅट नॉर्मल येतो, दोन्ही स्वल्पविराम शाबूत. टोकं खरंच गेलेली असतील तर पार्किन्सन्स आतून सुरू होताच, गोळीने तो लवकर बाहेर काढला. हा फरक करायलाच तो स्कॅन आहे. पण डॉक्टरांना ही कॅप्सूल माहीत आहे का? नसेल तर स्कॅनच्या आधी त्यांना हे कळलंच पाहिजे. पट्टीचा फोटो पाठवा, आजच.

निवांत
मग मी काय म्हणत होतो, स्कॅन नकोच! गोळी बंद करा आणि वाट बघा, फुकट काम.

न्यूरोवाली
काका, वाट बघणं हा चांगला मार्ग आहे, बरेच डॉक्टर तोच घेतील. पण उतरायला काही आठवडे ते काही महिने लागतात, कधी सहा महिन्यांच्या वर, आणि काहींचं पूर्ण उतरतच नाही. तेवढ्यात म्हातारा माणूस पडला तर? म्हणून थांबायचं की लगेच स्कॅन करायचा हे बघणाऱ्या डॉक्टरांनी ठरवायचं. आणि लेव्होडोपा लागू पडली म्हणजे पार्किन्सन्स हे पण शंभर टक्के नाही, एमएसए, पीएसपी हे पार्किन्सन्ससारखे दिसणारे दुसरे आजार आहेत, त्यातल्या एमएसएमध्ये सुरुवातीला थोडाफार गुण येतो. पार्किन्सन्स, एमएसए, पीएसपी यांच्यातला फरक ट्रोडॅटसुद्धा सांगत नाही, तिन्हीत टोकं जातात.

अवंती_ठाणे
बाई गं. माझ्या सासऱ्यांना पण गॅसची गोळी आहे. पट्टी बघते आता.

गामाकॅमेरा
पेटचं राहिलं. एफ-डोपा वाईट नाही, चित्र जास्त स्वच्छ येतं. पण तो बघतो पेशी डोपामिन किती बनवतायत ते, आणि आजाराच्या सुरुवातीला उरलेल्या पेशी जोर लावून जास्त बनवतात म्हणून नुकसान आहे त्यापेक्षा कमी दिसू शकतं. ट्रान्सपोर्टरचं उलटं, ते लवकर कमी होतात. 'भारी' वगैरे सेंटरवाल्याचं बोलणं, आपल्या प्रश्नाला ट्रोडॅट पुरेसा आहे. दुप्पट पैसे देऊ नका.
आणि अजून एक, बीपीची गोळी शक्यतो अडचण करत नाही, पण नैराश्याची किंवा सिगारेट सोडायची ब्युप्रोपिऑन असेल तर ती त्याच ट्रान्सपोर्टरला चिकटते, सेंटरला सांगावंच लागतं.

बापू_कोरेगाव
बघा, गोळीनेच आजार आणला. म्हणून म्हणतो झाडपाला बरा.

न्यूरोवाली
बापू, कुहिलीच्या बियांत लेव्होडोपाच असतं, गुण येतो तो त्याचाच. पण चमचाभर चुर्णात किती आहे ते कुणालाच कळत नाही, आणि वर डॉक्टरची लेव्होडोपाची गोळी पण चालू असेल तर बीपी खाली जाऊन माणूस उभ्या उभ्या पडतो. चुलत्यांच्या डॉक्टरांना चूर्ण चालू आहे हे सांगितलंय का?

बापू_कोरेगाव
नाही सांगितलं. विचारतो.

कृष्णाकाठ
डॉक्टर भेटले. पट्टीचा फोटो पाठवला आणि पाच मिनिटांत त्यांचाच फोन आला. कॅप्सूल आजपासून बंद, पित्तासाठी नुसती साधी रॅबेप्राझोल. एफ-डोपा नको म्हणाले. दोन महिन्यांनी तपासायला बोलावलंय, फरक नसेल तर ट्रोडॅट तेव्हा. तोपर्यंत पार्किन्सन्सची गोळी सुरू करायची नाही, बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घ्या आणि पायऱ्यांवर एकटं सोडू नका. दोन्ही सेंटरना नाही कळवलं. गावातल्या डॉक्टरांकडे पट्टी घेऊन उद्या जाणार आहे, अजून किती जणांना हीच चालू आहे कुणास ठाऊक. ताई आणि गामाकॅमेरा, तुमचे मनापासून आभार.

निवांत
आत्ताच मोबाईलवर हात मांडीवर ठेवून एक मिनिटाचा व्हिडिओ काढा आणि दहा पावलं चालतानाचा एक. दोन महिन्यांनी तसेच परत काढा. घरातल्यांना रोज बघून फरक कळत नाही, डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो.

अवंती_ठाणे
सासऱ्यांच्या पट्टीवर पँटोप्राझोल आणि डॉमपेरिडोन आहे. हे पण तसलंच का? बंद करू का आज?

न्यूरोवाली
डॉमपेरिडोन मेंदूत फारसं शिरत नाही, त्यामुळे थरथरीची भीती बरीच कमी. पण हृदयाचा काही त्रास आहे का त्यांना? ईसीजी कधी काढला होता? आणि बाकीची औषधं लिहा. सगळी.