मदत हवी आहे: नागिणीवर आयरिश ‘क्युअर’, जायचं तर रीत काय?

नमस्कार मंडळी,

आम्ही काउंटी क्लेअरमध्ये राहतो. गेल्या आठवड्यात नवऱ्याला नागीण झाली, डाव्या बरगडीवर. डॉक्टरांच्या गोळ्या पहिल्याच दिवशी सुरू झाल्यात आणि त्या पूर्ण करणारच, तेव्हा औषधांचे सल्ले नकोत. प्रश्न वेगळाच आहे.

शेजारच्या आजी सूप घेऊन आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "दोन टोकं एकमेकांना भेटू देऊ नका हं!" मी चाटच पडले. नागिणीच्या तोंडाला शेपटी लागली की माणूस जातो, असं माझी आजी कोल्हापुरात म्हणायची. तेच इथे, अटलांटिकच्या काठी! (कांजिण्यांचाच विषाणू एका नसेच्या वाटेने उठतो, म्हणून पुरळ बहुधा अंगाच्या एकाच बाजूला राहतं, हे मी सांगितलं. आजींनी मान डोलावली. पटलं काही नाही.)

त्यांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याकडे नागिणीचा ‘क्युअर’ आहे. क्युअर म्हणजे औषधच असं नाही. कुणाकडे प्रार्थना, कुणाकडे नुसता हातगुण, घराण्यात चालत आलेला. सातव्या मुलाचा सातवा मुलगा असेल तर बघायलाच नको. पूर्वी नागिणीवर किओ आडनावाच्या माणसाचं रक्त लावत म्हणे! १९३७ ते १९३९ मध्ये इथल्या शाळकरी पोरांनी घरच्या म्हाताऱ्यांना विचारून असलं सगळं वह्यांत उतरवलं, ते ‘दूखस’ संकेतस्थळावर आहे. रात्री दोनपर्यंत वाचत बसले. डांग्या खोकल्याचं पोर गाढवाच्या पोटाखालून तीनदा काढायचं. चामखिळीवर गोगलगाय चोळून ती काट्याला टोचायची; ती सुकत जाईल तशी चामखीळ जाते.

आजींचं मन मोडवत नाही. पण म्हणे पैसे द्यायचे नाहीत, आभारसुद्धा मानायचे नाहीत, नाहीतर गुण येत नाही. मग रिकाम्या हाताने जायचं? कोणी गेलंय का?

प्रतिसाद १
लेकाच्या चामखिळीसाठी गेलो होतो. गायी आणि पाऊस यांवर पाऊण तास गप्पा, क्युअरला दोन मिनिटं. निघताना ‘थँक्यू’ जिभेवर आलेलं गिळलं. पुढे दिवाळीचा फराळ म्हणून चकल्या पाठवल्या, त्या चालल्या. चामखीळ दोन महिन्यांनी गेली, पण मुलांच्या आपोआपही जातात. तुम्ही मात्र फोडांवर खपली धरेपर्यंत थांबा. त्या घरात कोणी गरोदर असेल तर पंचाईत.

धागाकर्ती
खपलीचं लक्षातच आलं नव्हतं, आजींना तसंच सांगते. दिवाळी लांब आहे, शंकरपाळे चालतील ना?